कॅम रिंगवरचा निळसर-तपकिरी पट्टा आणि स्पूलवरचा मधाळ थर: वर्णपटमितीने ओळख कशी पटवावी?

रबाळे_देखभाल यांचा प्रश्न

नमस्कार. रबाळे औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक मोल्डिंगच्या एका छोट्या कारखान्यात मी देखभाल विभाग सांभाळतो. आमच्या एका मशीनचा हायड्रॉलिक पंप व्हेन प्रकारचा (सरकत्या पात्यांनी तेल ढकलणारा) आहे. आवाज वाढल्यामुळे गेल्या आठवड्यात तो खोलला, तेव्हा कॅम रिंगच्या (पात्यांभोवतीच्या पोलादी कड्याच्या) आतल्या बाजूला, जिथे व्हेनची टोके सतत घासतात, तिथे निळसर-तपकिरी रंगाचा एक अखंड पट्टा दिसला. सुती फडक्याने पुसून आणि डिझेलने धुऊनही तो गेला नाही, आणि नख फिरवले तर कोठे उंचवटा लागत नाही. आवाजाचे कारण वेगळेच निघाले (सक्शनची गाळणी निम्मी बुजली होती), परंतु तो पट्टा मात्र डोक्यातून जात नाही. त्याच दिवशी दिशा-नियंत्रक व्हॉल्व्हही उघडला, कारण त्याचा स्पूल (आत सरकणारा दांडा) सकाळच्या पाळीत मशीन थंड असताना अडकतो. त्या स्पूलवर मधाच्या रंगाचा, बोटाला किंचित चिकट लागणारा थर होता.

पार्श्वभूमी अशी की ११ महिन्यांपूर्वी आम्ही झिंकयुक्त ४६ श्रेणीचे (दाटपणाची श्रेणी) तेल काढून त्याच श्रेणीचे झिंकविरहित तेल भरले. ३०० लिटरची टाकी पूर्ण रिकामी केली होती, पण नळ्यांत आणि सिलिंडरांत राहिलेले जुने तेल नव्यात मिसळले असणार. तेल-तपासणीच्या ताज्या अहवालात झिंक ४६, लोह ९ आणि तांबे ७ पीपीएम आहे, आम्लांक (तेलातील आम्लाचे माप) थोडा वाढलेला आहे, आणि खाली ‘तेल वापरण्यास योग्य’ असा शेरा आहे.

कारखान्यातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे की रिंगला बारीक एमरी मारून ती पुन्हा बसवावी. मला ते घाईचे वाटते, कारण हा थर पृष्ठभागाचे रक्षण करणारा असेल तर आपण स्वतःच्या हाताने तो खरवडून टाकू. सुटी नवी रिंग आमच्याकडे असल्यामुळे जुनी रिंग कापून तपासायला देण्याची परवानगी मिळाली आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. निळसर थर जुन्या तेलातील झिंकच्या पूरक द्रव्याने बनवलेला आहे, की पंप तापल्यामुळे चढलेले लोखंडाचे ऑक्साइड आहे? रिंगवरचा आणि स्पूलवरचा थर एकाच जातीचे आहेत का? आणि हे ठरवण्यासाठी वर्णपटमितीची कोणती पद्धत वापरावी, व नमुना तिथपर्यंत कसा न्यावा? पावसाळा सुरू झाला आहे आणि खाडीकडून येणारी हवा इतकी दमट आहे की उघडे पोलाद एका रात्रीत डागते, म्हणून शेवटच्या प्रश्नाची मला अधिक काळजी आहे.

पृष्ठभाग_ठाणे यांचे उत्तर

एमरी मारू नका, हे सर्वप्रथम. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पट्ट्याच्या वरच्या शे-दीडशे नॅनोमीटरमध्ये आहे आणि एमरीचा एक हात त्याहून कितीतरी पट जास्त पदार्थ काढून नेतो.

तुमच्या जुन्या तेलातील झिंकचे पूरक द्रव्य म्हणजे झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, ज्याला व्यवहारात झेडडीडीपी म्हणतात. १९४०च्या दशकापासून ते वंगणतेलांत आहे. सुरुवातीला ते तेलाचे ऑक्सिडीकरण आणि बेअरिंगचे गंजणे रोखण्यासाठी घालत असत. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. दोन धातू दाबाखाली घासले जातात तिथे हे द्रव्य तुटते आणि पोलादावर काचेसारख्या फॉस्फेटचा थर बसवते. थर साधारण ५० ते १५० नॅनोमीटर जाडीचा असतो आणि सलग पत्र्यासारखा नसून लहान लहान चकत्यांनी बनलेला असतो. वरच्या बाजूला झिंकच्या लांब साखळीच्या पॉलिफॉस्फेटचे प्रमाण अधिक असते; खाली धातूकडे जावे तशा साखळ्या आखूड होतात, त्यांत लोह मिसळते, आणि अगदी तळाशी सल्फाइडे आढळतात. एवढ्या पातळ थरावर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे (थराच्या वरून आणि तळावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे) तपकिरी-निळे रंग दिसतात, त्यामुळे तुम्ही सांगितलेला रंग या निदानाशी जुळतो.

अडचण अशी की हवेत तापलेल्या पोलादाचा रंगही असाच असतो. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो, आणि तोही पातळ थरातील व्यतिकरणाचाच परिणाम आहे. म्हणून रंगावरून निवाडा करता येत नाही. मात्र रिंग खरोखरच एवढी तापली असेल तर तिचा कडकपणा उतरला असण्याची शक्यता आहे. तुकडे पाडल्यावर उरलेल्या भागावर आतल्या कडेजवळ आणि बाहेरच्या कडेजवळ कडकपणा मोजा. ही तपासणी वर्णपटाची नसली तरी स्वस्त आहे, आणि वर्णपट वाचताना तिचा आधार होतो.

आता पद्धतीकडे वळतो. बहुतेक जण तुम्हाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरील ईडीएक्स (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत) सुचवतील, कारण ती सोय सहज मिळते. पहिल्या नजरेसाठी ती वापरायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. १५ किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनांचा झोत पोलादात जवळजवळ एक मायक्रॉन आत शिरतो. थर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असल्यामुळे वर्णपटात बहुतांश लोहच दिसते. व्होल्टेज ५ किलोव्होल्टवर आणले तर खोली कमी होते, पण मग झिंकची ८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा उमटतच नाही, आणि उरलेली १.०१ची रेषा सोडियमच्या १.०४च्या रेषेत मिसळते. गंधक आणि मॉलिब्डेनम यांच्या २.३च्या आसपासच्या रेषांचीही अशीच गल्लत होते. शिवाय फॉस्फरस आहे एवढे कळले तरी तो कोणत्या रूपात आहे, हे ईडीएक्स सांगत नाही.

तुमच्या रिंगसाठी योग्य पद्धत म्हणजे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमिती, अर्थात एक्सपीएस. के सीगबान यांना १९८१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो याच कामासाठी. ॲल्युमिनियमच्या १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांनी पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, त्यांची गतिज ऊर्जा मोजायची, आणि वजाबाकीने ते अणूला किती ऊर्जेने बांधलेले होते हे काढायचे, एवढेच तिचे तत्त्व आहे. बाहेर येणारे इलेक्ट्रॉन वरच्या ५ ते १० नॅनोमीटरमधूनच निसटू शकतात, त्यामुळे खालचे पोलाद बोलण्याआधी थर बोलतो. बंधनऊर्जा अणूच्या शेजाऱ्यांप्रमाणे किंचित सरकते, म्हणून मूलद्रव्याबरोबर त्याचे रूपही कळते: सल्फाइडातील गंधक १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसतो आणि सल्फेटातील १६८ ते १६९ला. पवईच्या आयआयटीत बाहेरच्या उद्योगांचे नमुने शुल्क घेऊन तपासण्याची सोय आहे. रबाळ्याहून ऐरोलीचा पूल ओलांडला की ते ठिकाण लांब नाही.

रामन वर्णपटाचा (लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरताना होणाऱ्या बदलाच्या नोंदीचा) उपयोग ऑक्साइडाची जात ओळखायला होईल. हेमेटाइटची शिखरे २२५, २९० आणि ४१० प्रति सेंटीमीटरच्या आसपास येतात, तर मॅग्नेटाइटचे ठळक शिखर ६७०च्या जवळ येते. लेसरची शक्ती अगदी कमी ठेवायला सांगा, कारण लेसरच्या उष्णतेनेच मॅग्नेटाइटचे हेमेटाइट होते आणि मग आपण नमुना न पाहता आपल्याच लेसरचा परिणाम पाहत बसतो.

एक अट मात्र पाळा. घासलेल्या भागाबरोबर न घासलेला भागही त्याच दिवशी, त्याच यंत्रावर तपासून घ्या. रिंगचा बाहेरचा घेर त्याच तेलात तेवढेच महिने होता, पण त्यावर व्हेन घासली नाही. घर्षणाने काय बनले आणि नुसत्या तेलात भिजल्याने काय चिकटले, हे या दोहोंच्या फरकातूनच ठरते. ही तुलना नसलेला एक्सपीएस अहवाल कितीही सुबक असला तरी मी त्यावरून निष्कर्ष काढत नाही.

तेलतपासणी_महापे यांचे उत्तर

मी तेल तपासण्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून ‘योग्य’ या शेऱ्याबद्दल आधी बोलतो. तो शेरा चुकीचा नाही, पण तो तेलाबद्दल आहे, पृष्ठभागाबद्दल नाही. एक साधा हिशेब करून पाहा. रिंगचा आतला व्यास ६ सेंटीमीटर आणि रुंदी ३ सेंटीमीटर धरली तर घासणारे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस सेंटीमीटर होते. त्यावर १०० नॅनोमीटरचा थर आणि त्याची घनता ३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर सगळ्या थराचे वजन दोन मिलिग्रॅमदेखील भरत नाही. तो संपूर्ण थर सुटून तुमच्या ३०० लिटर तेलात विरघळला तरी तेलातील प्रमाण ०.०१ पीपीएमनेसुद्धा बदलणार नाही. तेलाच्या अहवालात या थराची चाहूल का लागत नाही आणि कधी का लागणारही नाही, हे यावरून लक्षात येईल.

लोह ९ पीपीएम या आकड्याविषयीही सावधगिरी हवी. तेल थेट प्लाझ्मात (अतितप्त वायूच्या झोतात) फवारून मूलद्रव्ये मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत विरघळलेले धातू आणि अगदी बारीक कणच नीट मोजले जातात. काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण पूर्णपणे जळत नाहीत आणि मोजणीतून सुटतात. त्यामुळे हा आकडा कमी आहे म्हणजे झीज कमी आहे, असे परस्पर समजू नये.

स्पूलवरच्या थरासाठी मात्र एक्सपीएसची गरज नाही. तुमच्या वर्णनावरून तो ऑक्सिडीकरण झालेल्या तेलाचा रोगणासारखा थर, म्हणजे आम्ही ज्याला वार्निश म्हणतो, तो असावा, आणि त्यासाठी अवरक्त वर्णपट, अर्थात एफटीआयआर, उत्तम. थर खरवडून हिऱ्याच्या एटीआर स्फटिकावर (ज्याच्या आतून परावर्तित होणारे किरण टेकवलेल्या नमुन्याला तपासतात) दाबला तर काही मिनिटांत वर्णपट मिळतो. तिथे अवरक्त किरण नमुन्यात एक-दोन मायक्रॉनच शिरतात आणि तुमच्या कामाला तेवढे पुरे आहे. नुसत्या तेलाचे पट्टे २९२०, २८५०, १४६०, १३७७ आणि ७२२ प्रति सेंटीमीटरला दिसतील. वार्निश असेल तर त्यांत १७०० ते १७४०च्या दरम्यान कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) गटाचा ठळक पट्टा भर घालेल. त्याबरोबर १५५० ते १६०० दरम्यान पट्टा असेल तर आम्लांनी धातूशी साबण बनवला आहे असे समजावे. तुलनेसाठी न वापरलेल्या नव्या तेलाचा आणि टाकीतल्या तेलाचा वर्णपटही काढून घ्या, नाहीतर पूरक द्रव्यांपैकी एखाद्याचा कार्बोनिल तुम्ही वार्निशच्या नावावर टाकाल.

इथे एक फसवी जागा आहे. तुमच्या सिलिंडरची सीले पॉलियुरेथेनची असतील तर त्यांचा चुराही १७०० ते १७३०ला पट्टा देतो. मात्र त्याच्या सोबतीला ३३३०च्या आसपास आणि १५३०च्या आसपास नायट्रोजन-हायड्रोजन बंधाचे पट्टे येतात. ते दोन्ही नसतील तरच वार्निश म्हणा.

कोणी रिंगवरही एफटीआयआर करा म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. धातूवरच्या अतिपातळ थरासाठी अवरक्त किरण जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, म्हणजे पृष्ठभागाच्या लंबापासून सुमारे ८० अंशांच्या कोनात सोडावे लागतात, आणि त्यासाठी आरशासारखा सपाट नमुना हवा. कॅम रिंगचा वक्र पृष्ठभाग त्याला चालत नाही.

टूलरूम_वागळे यांचे उत्तर

वरच्या दोघांनी यंत्रांबद्दल सांगितले. मी रिंग कापण्याबद्दल सांगतो, कारण आमचे काम तिथेच फसले होते.

वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) रिंग देऊ नका. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका बेअरिंगच्या कड्याचे तुकडे आमच्याच टूलरूममध्ये वायरकटवर पाडले, कारण काप सुबक येतो आणि नमुना तापत नाही. अहवाल आला तेव्हा घासलेल्या भागावर झिंक, न घासलेल्या भागावर झिंक, आणि जिथे तेल पोहोचूच शकत नव्हते तिथेही झिंक! सोबत तांबेही होते. वायरकटची तार पितळेची असते. ठिणगीने तिचा पदार्थ उडतो आणि पाण्याबरोबर सगळ्या नमुन्यावर पसरतो, हे कापण्याआधी आमच्या लक्षात यायला हवे होते. तीन आठवडे आणि तो एकमेव नमुना दोन्ही गेले. तुमचा सगळा प्रश्नच झिंकवर उभा आहे, म्हणून हे विशेष काळजीने लिहीत आहे.

त्यानंतर आम्ही वापरत आलेली रीत अशी. रिंगच्या आतल्या पृष्ठभागाला ॲल्युमिनियम फॉइलचे अस्तर सैल लावावे. पातळ अपघर्षक चकतीने बाहेरच्या बाजूने खाच घालावी, थोडे थोडे टेकवत, हाताला कोमट लागेल इतकेच तापू देत, आणि कूलंट अजिबात न वापरता, कारण पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटमध्ये गंधक, फॉस्फरस, बोरॉन आणि सोडियम यांची संयुगे असू शकतात. आतल्या बाजूला एक-दीड मिलिमीटर धातू शिल्लक असताना थांबावे आणि शिकंज्यात धरून तुकडा मोडावा. कडक केलेले पोलाद खाचेपाशी सरळ तुटते आणि चकती आतल्या पृष्ठभागाला शिवतही नाही. तुटताना तुकडा उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि शिकंज्यावर जाड कापड असलेच पाहिजे. एक्सपीएससाठी साधारण एक सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा पुरतो.

तुकडा उचलायला चुंबक वापरू नका आणि ग्राइंडरच्या चुंबकी टेबलावर ठेवू नका. पोलादात चुंबकत्व राहिले तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन वाकतात आणि मोजणी बिघडते, असे आम्हाला प्रयोगशाळेने बजावले होते.

रबाळे_देखभाल यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. वायरकटचा विचार आम्ही खरोखरच पक्का केला होता आणि उद्या सकाळी रिंग जाणार होती. ते काम आता थांबवले आहे. दोन शंका राहिल्या. तुकडे झाल्यावर तेल धुऊन ठेवावे की तेलातच ठेवावे? आणि झिंक सापडले, तर ते जुन्या तेलाचे की पंपातल्या एखाद्या पितळी भागाचे, हे कसे ओळखावे?

पृष्ठभाग_ठाणे यांचे दुसरे उत्तर

तुकडे शक्य तितके तेलाच्या ओलाव्यातच ठेवा. पॉलिफॉस्फेटच्या लांब साखळ्या पाण्याने तुटून आखूड होतात, आणि जुलैतील नवी मुंबईच्या हवेत उघडा ठेवलेला नमुना काही दिवसांत वेगळाच होऊन बसेल. पूरक द्रव्ये नसलेले शुद्ध आधारतेल मिळाले तर सर्वोत्तम. नाही मिळाले तर टाकीतल्याच तेलाचा थर राहू द्या. काचेच्या बाटलीत ठेवा आणि ती बाटली सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको, कारण पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत घातलेली अमाइडे नमुन्यावर उतरतात आणि वर्णपटात नायट्रोजन उगवतो. हातमोज्यांच्या रबरातही झिंक ऑक्साइड आणि गंधक असू शकते, म्हणून मोजे घातले तरी तुकडा चिमट्यानेच आणि कडेलाच धरावा.

धुण्याचे काम प्रयोगशाळेतच, मोजणीच्या तासाभर आधी करावे. एन-हेप्टेनमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीत पाच मिनिटे, मग ताज्या हेप्टेनमध्ये पुन्हा पाच मिनिटे, आणि शेवटी स्वच्छ हेप्टेनची धार. पाणी, अल्कोहोल किंवा बाजारात मिळणारे ब्रेक साफ करण्याचे फवारे वापरू नका; यांतील काही थरावर हल्ला करतात आणि काही क्लोरिन मागे ठेवतात. तुम्ही रिंग आधीच डिझेलने धुतली आहे, हे विनंतीपत्रात लिहा, कारण गंधकाचा अर्थ लावताना विश्लेषकाला ते ठाऊक असले पाहिजे.

झिंकच्या उगमाचा प्रश्न नेमका आहे. पितळातून आलेल्या झिंकबरोबर तांबे येते. तेलात तांबे ७ पीपीएम असल्यामुळे ही शंका रास्तच आहे, म्हणून विश्लेषकाला ९३२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तांब्याचा वर्णपट आवर्जून घ्यायला सांगा. झेडडीडीपीच्या थरातील झिंक मात्र फॉस्फरसाच्या सोबतीने येते: फॉस्फरस १३३ ते १३४ला, आणि झिंकचे एक लहान शिखर त्याच्या शेजारीच १४०ला, म्हणजे एकाच छोट्या खिडकीत दोघे दिसतात. झिंकचे मोठे शिखर १०२२ला असते. या दोन झिंक शिखरांचा आणखी एक उपयोग होतो. १०२२ला दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा कमी असल्यामुळे ते अगदी वरूनच निसटतात, तर १४०चे जरा खोलवरून येतात. दोहोंवरून काढलेले प्रमाण वेगळे आले तर झिंक खोलीप्रमाणे बदलते आहे असे, नमुना न खोदता, कळते.

खोदण्यावरून आठवले. आर्गॉन आयनांनी थर सोलत खोलीचा आलेख काढण्याचा आग्रह होईल. तो शेवटी करा. आयनांच्या माऱ्याने लोहाची ऑक्साइडे आणि सल्फेटे क्षपित होतात (ऑक्सिजन गमावतात), म्हणजे मूलद्रव्यांचा क्रम साधारण खरा राहतो पण त्यांची रूपे बिघडतात. रूपांचा सगळा अभ्यास न सोललेल्या पृष्ठभागावर आधी पूर्ण झालेला असावा.

सर्वांत महत्त्वाचा आहे ऑक्सिजनचा वर्णपट. धातूच्या ऑक्साइडातील ऑक्सिजन ५३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, फॉस्फेटातील मोकळ्या टोकाचा ऑक्सिजन ५३१.५ ते ५३२ला, आणि दोन फॉस्फरसांना सांधणारा ऑक्सिजन ५३३ ते ५३३.५ला दिसतो. सांधणाऱ्या आणि मोकळ्या ऑक्सिजनांचे गुणोत्तर म्हणजे साखळीच्या लांबीचे मापच. एकाकी फॉस्फेटात ते शून्य, दोन फॉस्फरसांच्या पायरोफॉस्फेटात एकास सहा म्हणजे ०.१७, तिघांच्या साखळीत ०.२५, आणि अतिशय लांब साखळीत ०.५कडे जाते. तुमचा थर नुसते ऑक्साइड असेल तर ५३०चे शिखर सगळ्यांवर भारी पडेल आणि हा हिशेब करण्याची वेळच येणार नाही.

रबाळे_देखभाल यांचा प्रतिसाद (सात आठवड्यांनंतर)

अहवाल हाती आले, म्हणून कळवत आहे. तुकडे टूलरूम_वागळे यांनी सांगितलेल्या रीतीने पाडले. दुसऱ्या खाचेला तुकडा अगदी सरळ मोडला. कडकपणा आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला सारखाच भरला.

घासलेल्या भागावर फॉस्फरस १३३.६ला, झिंक १०२२ला आणि गंधक १६२ला, पण क्षीण, असे मिळाले. ऑक्सिजनचे मुख्य शिखर ५३१.७ला, त्याच्या खांद्यावर ५३३.२ला दुसरे, आणि ५३०ला लहानसे तिसरे आहे. विश्लेषकाने काढलेले गुणोत्तर ०.२२ आहे. लोह आहे, परंतु धातुरूप लोहाचे शिखर नाही. तांबे मोजता येण्याइतके नाही. बाहेरच्या घेरावर उलट चित्र आहे: ५३०चे शिखर मोठे, लोह भरपूर, फॉस्फरस नाममात्र, आणि झिंक दिसते न दिसतेसे. दोन्ही जागी थोडे सोडियम आणि क्लोरिन आहे.

स्पूलवरच्या थराचा अवरक्त वर्णपट वेगळीच गोष्ट सांगतो. १७१२ला रुंद कार्बोनिल पट्टा आहे, तेलाचे पट्टे आहेत, ३३३० आणि १५३०ला काही नाही, आणि फॉस्फेटाचे पट्टे जिथे अपेक्षित असतात त्या १००० ते ११००च्या भागात ठळक असे काही नाही. टाकीतल्या तेलात कार्बोनिल आहे पण फारच कमी. दोन थर दोन जातींचे आहेत, हे तर आता मलाही वाचता येते. निळसर थर जुन्या तेलाचाच होता, असे यावरून म्हणता येईल का?

पृष्ठभाग_ठाणे यांचे तिसरे उत्तर

रंग उष्णतेचा नव्हता, हे निःशंकपणे म्हणता येईल. कडकपणा उतरलेला नाही, ऑक्साइडाचे शिखर लहान आहे, आणि फॉस्फेट घासलेल्या जागीच आहे. झिंक फॉस्फरसाबरोबर आहे आणि तांब्याशिवाय आहे, म्हणून ते पितळाचे नाही. सोडियम आणि क्लोरिन बहुधा घामाच्या बोटांचे आहे, कारण दोन्ही जागी सारखेच आहे. तेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र ‘होय’ म्हणता येत नाही. झिंकवरून थर झेडडीडीपीने बनवला हे ठरते, पण कधी बनवला हे ठरत नाही. नव्या तेलातही ४६ पीपीएम झिंक उरलेले आहे आणि तेवढे द्रव्य थराला अधूनमधून खतपाणी घालत राहिले असू शकते. हे वेगळे करायचे असेल तर एकच मार्ग आहे: आत्ता बसवलेली नवी रिंग ठरावीक तासांनी काढून तिच्यावर झिंक चढले आहे का, ते पाहायचे. तिच्यावर फॉस्फरस सापडला आणि झिंक जवळजवळ नसले, तर नवे तेल लोहाच्या फॉस्फेटाचा स्वतःचा थर बनवते आहे आणि जुन्या रिंगवरचा थर वारशाने आलेला होता, असे म्हणता येईल.

०.२२ या आकड्यालाही फार बिलगू नका. वरच्या सेंद्रिय मळातील कार्बन-ऑक्सिजन बंधाचा ऑक्सिजनही ५३३च्या आसपासच येतो आणि गुणोत्तर फुगवतो. कार्बनच्या वर्णपटात २८६.५ला किती भाग आहे ते विश्लेषकाला विचारा आणि तेवढा वजा करून पुन्हा मांडा. माझ्या अंदाजाने आकडा पायरोफॉस्फेटाच्या जवळ उतरेल. आखूड साखळी ही झीज सोसलेल्या, लोह मिसळलेल्या थराची खूण असते, पण पावसाळ्यातला ओलावाही तोच परिणाम करतो, त्यामुळे नव्या रिंगचा नमुना शक्य तर कोरड्या महिन्यांत काढावा.

तेलतपासणी_महापे यांचे दुसरे उत्तर

स्पूलबद्दल एवढेच सांगतो. १५५० ते १६०० दरम्यान पट्टा असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तो खरोखरच नसेल तर थर अजून धातूशी फारसा बांधला गेलेला नाही आणि तो सौम्य सफाईने निघू शकेल. टाकीतले तेल एकंदरीत ठीक असताना स्पूलवर वार्निश बसते, याचा अर्थ तेल एखाद्या ठिकाणी स्थानिक तापते आहे किंवा स्पूलपाशी फार वेळ स्थिर राहते आहे. कूलरचा पाण्याकडचा भाग क्षाराने बुजला आहे का आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) सतत गळतो आहे का, हे आधी पाहा. पुढच्या वेळी तेल ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून पडद्यावर उरणाऱ्या डागाचा रंगही मोजून घ्या. वार्निश बसण्याआधी तो डाग गडद होऊ लागतो.

रबाळे_देखभाल यांचा प्रतिसाद

कूलर उघडला. अर्ध्याहून अधिक नळ्या क्षाराने बंद होत्या. उरलेल्या पाच मशीनच्या रिंगांना एमरी मारायची नाही, अशी लेखी सूचना देखभाल वहीत नोंदवून घेतली आहे, आणि त्यावर कारखान्यातील ज्येष्ठांनीही सही केली. नव्या रिंगवर ५०० तासांची खूण केली आहे. ते तास डिसेंबरात भरतील. जुन्या रिंगचा उरलेला तुकडा आधारतेलात, काचेच्या बरणीत, डेसिकेटरमध्ये ठेवला आहे, म्हणजे दोन्ही नमुने एकाच दिवशी एकाच यंत्रावर ठेवता येतील.